खोक्यावर वॅट छापा

तयार डेस्कटॉपच्या खोक्यावर बरंच काही छापलेलं असतं. प्रोसेसर कोणता आणि कितव्या पिढीचा, रॅम किती, एसएसडी किती, विंडोज कोणतं, किंमत, आयातदाराचा पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर. दुकानातल्या पत्रकावर हीच माहिती मोठ्या अक्षरांत असते आणि विक्रेता तीच वाचून दाखवतो. आतला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतून येणारी वीज संगणकाच्या उपयोगाची करून देणारा डबा, किती वॅटचा आहे हे मात्र बहुतेक वेळा त्यात सापडत नाही. त्यातून ग्राफिक कार्डाला वीज देणारी वायर निघते का, कॅबिनेटमध्ये किती उंचीचं आणि लांबीचं कार्ड मावेल, हेही नसतं. घेताना सहसा कोणी विचारत नाही. दोन-तीन वर्षांनी घरातल्या मुलाला किंवा मुलीला ग्राफिक कार्डाची गरज पडते, तेव्हा सगळं गाडं या न छापलेल्या आकड्यापाशी येऊन अडतं.

हा आकडा छापणं कंपन्यांना बंधनकारक करावं आणि एसएमपीएसचे कनेक्टर ज्याच्या त्याच्या मर्जीवर न सोडता प्रमाणित असावेत, ही मागणी ग्राहकांनी आता ठामपणे करायला हवी. वरवर ती तांत्रिक वाटली, तरी मध्यमवर्गीय घराच्या खर्चाशी तिचा थेट संबंध आहे.

ग्राफिक कार्ड म्हणजे फक्त गेम खेळायचं साधन, अशी समजूत अजून अनेक घरांत आहे. ती जुनी झाली. ब्लेंडर हे त्रिमितीय ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे आणि त्यात रेंडरिंगचा, म्हणजे दृश्यांची अंतिम चित्रं तयार होण्याचा, वेग मुख्यतः ग्राफिक कार्डावर ठरतो. 2025 च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा मान मिळवणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' ब्लेंडरवर तयार झाला. दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांनी त्याच्या अंतिम रेंडरिंगसाठी संगणकांचा ताफा वापरला नाही, स्वतःच्या संगणकावरच ते काम केलं. कोल्हापुरात किंवा लातूरमध्ये बसून ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकवणारे व्हिडिओ फुकट आहेत. पैसे पडतात ते कार्डाला. लग्नाचे व्हिडिओ संकलित करणारे, आर्किटेक्चर आणि मेकॅनिकलचे विद्यार्थी, घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे छोटे मॉडेल चालवून पाहणारे, सगळे आज याच रांगेत आहेत.

मग नवा संगणकच का घेऊ नये? कारण तो महाग झाला आहे आणि आणखी होतो आहे. 2025 च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिपचे भाव झपाट्यानं चढले. मायक्रॉन या बड्या कंपनीनं डिसेंबर 2025 मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. रॅम महागली की तयार संगणक महागतोच. हाताशी असलेल्या, धडधाकट चालणाऱ्या मशीनमध्ये फक्त एक कार्ड घालून काम भागत असेल तर तो शहाणपणाचा खर्च आहे. अशा वेळी मशीननंच नकार दिला तर चांगला संगणक निष्कारण भंगाराच्या वाटेला लागतो. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम 22.3 टक्के कचऱ्याचं रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे, असं ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरचा 2024 चा अहवाल सांगतो.

मशीन नकार कसं देतं, ते पाहण्यासाठी एक झाकण उघडू. डेलचा ऑप्टिप्लेक्स 9020 हा 2013 सालचा, कार्यालयांसाठी बनवलेला संगणक. कंपन्यांनी आणि बँकांनी असे डेस्कटॉप ढिगानं घेतले, मुदत संपल्यावर विकले, आणि रिफर्बिश्ड म्हणून ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत आणि तिथून घराघरांत पोचले. विद्यार्थ्याचा पहिला संगणक म्हणून हा माल खरोखर चांगला. याचं आडवं, बुटकं रूप, म्हणजे स्मॉल फॉर्म फॅक्टर, टेबलावर मॉनिटरखाली मावतं. झाकणाची कळ ओढली की स्क्रू-ड्रायव्हरशिवाय ते उघडतं. आत सगळं नीटनेटकं, प्रत्येक भाग कुठे दाबून काढायचा ते निळ्या प्लास्टिकनं दाखवलेलं. बांधणी कौतुक करावी अशी आहे.

मदरबोर्डवर एक लांब काळा स्लॉट दिसतो. तो पीसीआय एक्सप्रेसचा, ग्राफिक कार्डाचा. 2003 मध्ये या स्लॉटचं पहिलं मानक आलं आणि तेव्हापासून त्याचा आकार बदललेला नाही. म्हणून 2024 साली आलेलं कार्डही 2013 च्या या बोर्डावर खटकन बसतं. आता नजर एसएमपीएसकडे वळवा. त्यावरच्या चिकटपट्टीवर 255 वॅट लिहिलेलं आहे. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही साध्या एसएमपीएसमधून मदरबोर्डसाठी 24 पिनांचा रुंद कनेक्टर निघतो. इथे निघतो तो 8 पिनांचा. हार्ड डिस्कची वायर एसएमपीएसमधून येत नाही, मदरबोर्डमधूनच निघते. ग्राफिक कार्डासाठी 6 किंवा 8 पिनांची वेगळी वायर असते, ती इथे नाहीच. एसएमपीएसचा आकारही वेगळा, त्यामुळे दुकानातला नेहमीचा त्या जागी बसणार नाही. मागच्या बाजूला कार्डाच्या पत्र्यासाठी असलेली फट जेमतेम 8 सेंटिमीटर उंचीची आहे. नेहमीच्या कार्डाचा पत्रा 12 सेंटिमीटर असतो.

एकाच बोर्डावर, हातभराच्या अंतरात, दोन वेगळी धोरणं मांडलेली दिसतात. स्लॉटच्या बाबतीत सगळ्या जगानं एकच माप मानलं, म्हणून दहा-बारा वर्षांचं अंतर असूनही कार्ड बसतं. विजेच्या बाबतीत प्रत्येक कंपनीनं आपलं वेगळं माप ठेवलं. लेनोव्होच्या कार्यालयीन मॉडेलांत 10 किंवा 14 पिनांचे कनेक्टर सापडतात, एचपीचे आणखी वेगळे. स्लॉट उघडा आणि वीज बंद, अशी ही स्थिती आहे.

हिशेब अगदी सरळ आहे आणि प्रत्येक ग्राहकानं तो एकदा मांडून पाहावा. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट स्वतःहून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट देतो. 6 पिनांची वायर आणखी 75 वॅट देते, 8 पिनांची 150. ऑप्टिप्लेक्स 9020 मधला कोअर आय-5 किंवा आय-7 प्रोसेसर 84 वॅटचा. डिस्क, रॅम, पंखे, यूएसबीला लावलेल्या वस्तू यांचे पन्नासएक धरा. स्लॉटवर चालणाऱ्या कार्डाचे 75 मिळवले तर बेरीज दोनशेच्या थोडी पुढे जाते. 255 वॅटमध्ये हे बसतं. आता 75 ऐवजी 2021 चं आरटीएक्स 3060 धरा. ते एकटं 170 वॅट खातं आणि त्यासाठी ते बनवणारी एनव्हिडिया 550 वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते. इथे चर्चाच संपते. घरगुती तयार डेस्कटॉपांत तर 180 वॅटचेही एसएमपीएस दिलेले असतात. तिथे 75 वॅटचं कार्डही जपून घालावं लागतं.

म्हणून अशा मशीनसाठी कार्डांची एक छोटी यादी दुकानदारांच्या तोंडी असते. 2014 चं जीटीएक्स 750 टीआय, 60 वॅट. 2016 चं 1050 टीआय आणि 2019 चं 1650, दोन्ही 75 वॅट. 2024 मध्ये आलेलं आरटीएक्स 3050 चं 6 जीबी रूप, 70 वॅट. यांची वेगळी वायर न लागणारी आणि बुटक्या पत्र्याची रूपं मिळतात. यादीतही निवड डोळसपणे करावी लागते. एनव्हिडियानं 750 टीआय आणि 1050 टीआय यांच्या पिढ्यांसाठी नव्या खेळांना साजेसे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर 2025 नंतर थांबवलं, पुढे 2028 पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येणार. त्यामुळे आज सेकंडहँड 1050 टीआयवर पैसे घालणं फारसं हिताचं नाही. 1650 आणि 3050 यांना अजून पूर्ण ड्रायव्हर मिळतात.

एएमडीचं आरएक्स 6400 हेही 53 वॅटचं, अंगानं लहान, कागदावर अगदी योग्य. पण ते स्लॉटमधल्या सोळापैकी चारच मार्गिका वापरतं. नव्या, चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते चालून जातं. 9020 सारख्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते मंदावतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भाग नाही, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ बनवणाऱ्याला त्याचा उपयोग बेताचाच. इंटेलची आर्क कार्डं व्हिडिओसाठी उत्तम, मात्र त्यांना मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार नावाची सोय लागते. ती साधारण दहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरापासून पुढे रीतसर मिळते. जुन्या बोर्डावर आर्क लावलं की पैसे पूर्ण आणि वेग अर्धामुर्धा, असा प्रकार होतो. एवढं सगळं दहावी-बारावीच्या मुलाच्या पालकांना ठाऊक असावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. निदान आपल्या मशीनची वीज, जागा आणि स्लॉटची पिढी या तीन गोष्टी त्यांना लिखित मिळाल्या, तर दुकानदाराला नेमकं विचारता तरी येईल.

आज दुकानात प्रश्न विचारला जातो तो वेगळाच. 'किती जीबीचं कार्ड?' या एका प्रश्नावर बाजारात फार मोठी फसगत चालते. 2014 चं जीटी 730 हे 4 जीबीमध्ये मिळतं आणि 2019 चं जीटीएक्स 1650 सुद्धा 4 जीबीचंच. दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जीटी 730 ला नवे ड्रायव्हर मिळणं 2021 मध्येच थांबलं. तरीही 4 जीबी हा आकडा दाखवून ते विकलं जातं. जीटी 1030 ची गोष्ट आणखी वाईट. 2017 मध्ये ते जीडीडीआर 5 मेमरीसह आलं, तिचा वेग सेकंदाला 48 जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावानं डीडीआर 4 मेमरीचं कार्ड बाजारात आणलं गेलं, त्याचा वेग सेकंदाला 16.8 जीबी. नाव तेच, जीबी तेवढेच, खोकं जवळपास सारखं, आणि मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश. आरटीएक्स 3050 चं 8 जीबी आणि 6 जीबी रूपही फक्त मेमरीत वेगळं नाही, आतले कोअर 2560 वरून 2304 वर आलेले आहेत. ही नावं ग्राहकाला कळावीत म्हणून ठेवलेली नाहीत, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

सेकंडहँड बाजारात याच्याही पुढची पायरी आहे. 2010 च्या आसपासच्या जीटीएस 450 सारख्या कार्डांचा बायॉस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून ती 1050 टीआय म्हणून विकण्याचे प्रकार इतके वाढले की जीपीयू-झेड या मोफत तपासणी सॉफ्टवेअरला 2018 मध्ये बनावट कार्ड ओळखून तसा शिक्का दाखवण्याची सोय करावी लागली. जुनं कार्ड घेताना विक्रेत्यासमोरच हे सॉफ्टवेअर चालवून पाहावं. खरा विक्रेता त्याला हरकत घेत नाही.

आणि मग येतो तो उपाय, ज्यानं आग लागू शकते.

एसएमपीएसमध्ये कार्डाची वायर नाही म्हटल्यावर बाजारात शंभर-दोनशे रुपयांत एक जोड मिळतो. त्याचं एक टोक हार्ड डिस्कच्या सॅटा वायरीला, दुसरं 6 पिनांचं कार्डाला. दिसायला चपखल बसतो. सॅटा कनेक्टरमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, 54 वॅट. कार्ड 6 पिनांतून 75 वॅट मागू शकतं. तासभर रेंडर चालू राहिला की त्या बारीक पिना तापतात, प्लास्टिक मऊ होतं, पिवळं पडतं, वितळतं. ऑप्टिप्लेक्ससारख्या मशीनमध्ये तर ही सॅटा वीज मदरबोर्डमधून येते, म्हणजे चटका थेट बोर्डाला बसतो. हा जोड कुठल्याही दुकानदारानं विकू नये आणि कुठल्याही ग्राहकानं लावू नये. स्लॉटवर चालणारं कार्ड मिळत असताना एवढा धोका पत्करण्याची काही गरज नाही.

दुसरी वाट आहे एसएमपीएस बदलण्याची. ज्या उंच कॅबिनेटमध्ये जागा आहे, तिथे 24 पिनांचं कंपनीच्या 8 किंवा 10 पिनांत रूपांतर करणारी वायर लावून साधा एसएमपीएस बसवता येतो आणि अनेकांची मशीनं तशी वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतात. इथे जोडाचा दर्जा आणि एसएमपीएसचा दर्जा दोन्ही महत्त्वाचे. स्वस्त एसएमपीएसच्या नावात 450 किंवा 500 असा आकडा असतो, तो वॅटचाच असेल असं नाही. खरा आकडा अंगावरच्या तक्त्यात असतो. 12 व्होल्टच्या रकान्यात जेवढे अँपिअर लिहिले असतील, त्यांना बारानं गुणायचं. 18 अँपिअर असतील तर 216 वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः याच रकान्यातून जगतात, बाकीचे आकडे शोभेचे.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात, ज्या परदेशी मार्गदर्शकांत नसतात. पहिली यूपीएस. घरोघरी असलेला 600 व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण 360 वॅट देतो. मोठं कार्ड घालून मशीन तीनशेच्या पुढे गेलं आणि वर मॉनिटर जोडलेला असला, तर वीज गेल्या क्षणी यूपीएसही हात टेकतो आणि अर्धा झालेला रेंडर गमावला जातो. दुसरी उष्णता. कार्यालयीन कॅबिनेटची रचना वातानुकूलित खोलीसाठी असते, एखाद-दुसरा छोटा पंखा आणि हवा आत यायला बेताची जाळी. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा खोलीतलीच हवा तापलेली असते. कार्ड 80 अंशांच्या पुढे गेलं की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. तिथे झाकणाच्या आतली धूळ फुंकून काढणं आणि मशीन भिंतीला न चिकटवणं यानं जो फरक पडतो, तो महागडं कार्ड घेऊनही पडत नाही.

बसवण्याचं काम स्वतः सोपं आहे. आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून बायॉस अद्ययावत करायचा आणि तो यूईएफआय पद्धतीवर आहे ना ते बघायचं, नाहीतर जुन्या मशीनवर नवं कार्ड लावल्यावर पडदा काळाच राहतो. वीज काढून, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, मागचा पत्रा काढायचा, कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबायचं, खटका बसला की स्क्रू. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नाही, कार्डाच्या पोर्टला लावायची. कार्ड खराब निघालं म्हणून परत आणणारे कित्येक ग्राहक एवढ्या एका केबलपायी दुकानाची फेरी मारतात.

आता कंपन्यांची बाजू. ती ऐकून घेतली पाहिजे, कारण तीत तथ्य आहे. वेगळे एसएमपीएस बनवण्यामागे वीजबचत हे एक खरं कारण आहे. जुन्या पद्धतीचा एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्ट असे तीन प्रवाह वेगवेगळे बनवतो. फक्त 12 व्होल्ट बनवून उरलेले मदरबोर्डवर तयार केले, तर संगणक नुसता चालू असताना वीज कमी जाते. लाखो मशीनं दिवसभर चालू ठेवणाऱ्या कार्यालयांना हा फायदा मोठाच. पण या कारणासाठीही प्रत्येकानं वेगळा कनेक्टर करण्याची गरज उरलेली नाही. इंटेलनं 1995 मध्ये एटीएक्स हे मानक आणलं, त्यावर आजचा सगळा असेंबल्ड संगणकांचा बाजार उभा आहे. त्याच इंटेलनं 2020 च्या सुमारास फक्त 12 व्होल्टच्या एसएमपीएससाठीही एटीएक्स 12 व्हीओ हे मानक पुढे केलं, त्यात 10 पिनांचा एक ठरावीक कनेक्टर आहे. ते मानक वापरलं तर वीजही वाचेल आणि सुट्टा भाग कुठल्याही दुकानातून आणता येईल. उपलब्ध मानक बाजूला ठेवून मॉडेलागणिक नवा कनेक्टर काढण्यात ग्राहकाचं हित शोधूनही सापडत नाही.

मानक मोडल्यानं काय होतं, याचं जुनं उदाहरण या उद्योगातच आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही संगणकांत एटीएक्ससारखाच 20 पिनांचा कनेक्टर होता, हुबेहूब त्याच आकाराचा. आतल्या वायरींचा क्रम मात्र वेगळा. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात सहज बसायचा आणि चालू करताच मदरबोर्ड किंवा एसएमपीएस जळू शकायचा. डेलनं ही पद्धत पुढे सोडली. आजचे 8 आणि 10 पिनांचे कनेक्टर निदान बसतच नाहीत, तेवढा धोका कमी झाला. ग्राहकाची कोंडी तशीच राहिली. महागडी गेमिंग मशीनंही यातून सुटलेली नाहीत. गेमर्स नेक्सस या अमेरिकी परीक्षकांनी 2021 मध्ये एलियनवेअर आर 10 उघडून दाखवला, तेव्हा मदरबोर्ड आणि एसएमपीएसच्या खास मापांवर त्यांनी कठोर टीका केली.

लॅपटॉपच्या दुनियेत, जिथे ग्राफिक बदलणं अशक्यच मानलं जात होतं, तिथे फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीनं 2024 मध्ये 16 इंची लॅपटॉपमध्ये काढता-घालता येणारं ग्राफिक मॉड्यूल दिलं आणि 2025 मध्ये त्याच लॅपटॉपसाठी आरटीएक्स 5070 चं नवं मॉड्यूल जाहीर केलं. इंचभर जाडीत जे जमतं, ते फूटभर उंचीच्या कॅबिनेटमध्ये न जमण्याचं कारण अभियांत्रिकीत नाही.

कायद्याची चौकट आपल्याकडे अगदीच कोरी नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 ग्राहकाला वस्तूच्या दर्जाची, क्षमतेची आणि मानकाची माहिती मिळण्याचा हक्क देतो. एसएमपीएसचे वॅट ही क्षमतेची माहिती नाही, असं कोण म्हणेल? केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं संकेतस्थळ सुरू केलं. पुढे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकासाठी नेमलेल्या भरत खेरा समितीनं मे 2025 मध्ये अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, अवजारं कोणती लागतात, माहिती उपलब्ध आहे का, अशा निकषांवर गुण देण्याची ही कल्पना उत्तम आहे. सुरुवातीचा भर मात्र मोबाइल आणि टॅब्लेटवर. फ्रान्सनं जानेवारी 2021 पासून असा निर्देशांक सक्तीचा केला, तेव्हा त्याच्या पहिल्या यादीत लॅपटॉप होते, डेस्कटॉप नव्हते. डेस्कटॉप तर उघडतोच, त्याला कशाला निर्देशांक, असा समज यामागे असावा. 9020 च्या एसएमपीएसनं तो समज खोटा पाडला आहे. आपल्या निर्देशांकात डेस्कटॉप घ्यावा, आणि दुरुस्तीबरोबर भाग वाढवण्याची सोय किती, यालाही गुण असावेत.

वॉरंटीचंही एकदा स्पष्ट व्हायला हवं. झाकणाच्या स्क्रूवर चिकटवलेली पट्टी फाटली की वॉरंटी गेली, ही भीती इतकी खोल बसली आहे की लोक धूळ काढायलाही झाकण उघडत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2018 मध्ये आणि पुन्हा जुलै 2024 मध्ये अशा पट्ट्यांबद्दल कंपन्यांना ताकीद दिली. 2024 च्या पत्रांत झोटॅक, गिगाबाइट आणि एएसरॉक ही संगणकाचे सुटे भाग बनवणारी नावं होती. भारतात स्पर्धा आयोगानं 2014 मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची अडवणूक केल्याबद्दल 14 कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. रकमेवर पुढे अपिलं झाली, पण सुटा भाग ग्राहकाला खुल्या बाजारात मिळाला पाहिजे हे तत्त्व त्या निर्णयानं मांडलं. संगणकाला ते लावायला कुणाची हरकत असण्याचं कारण दिसत नाही.

कंपन्यांना सगळ्यात आधी हलवू शकेल असा ग्राहक एकच आहे आणि तो म्हणजे सरकार. मंत्रालय, जिल्हा परिषदा, विद्यापीठं, सरकारी बँका हजारोंच्या संख्येनं डेस्कटॉप घेतात, बरीचशी खरेदी जेम या सरकारी संकेतस्थळावरून होते. निविदेत प्रोसेसरची पिढी आणि रॅम जशी लिहितात, तशा आणखी तीन ओळी घालता येतील: एसएमपीएस प्रमाणित एटीएक्स किंवा एटीएक्स 12 व्हीओ मानकाचा असावा, त्याचे वॅट खोक्यावर आणि कॅबिनेटच्या अंगावर छापलेले असावेत, आणि कॅबिनेटमध्ये किती लांबी-उंचीचं कार्ड बसतं ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असावं. पाच-सहा वर्षांनी हीच मशीनं लिलावातून रिफर्बिश्ड बाजारात आणि तिथून विद्यार्थ्यांच्या टेबलावर जातात. महाराष्ट्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाला एवढ्यासाठी दिल्लीच्या निर्देशांकाची वाट पाहावी लागणार नाही, पुढच्या खरेदीच्या अटींपासून सुरुवात करता येईल.